हात मिळवा, मत द्या, मग गाणं ऐका: एकेबी४८वर वाचकांचे सवाल

मागच्या अंकात आम्ही विचारलेलं की पुढच्या वेळी कुठल्या परदेशी ग्रुपच्या गाण्यांवर बोलायचं, तर निम्म्याहून जास्त जणांनी जपानच्या एकेबी४८ ह्या मुलींच्या पॉप-ग्रुपचं नाव धाडलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतलीयेत.

सानिका, डोंबिवली: मी ॲनिमे बघता बघता जपानी गाण्यांकडे वळले. एकेबी४८ शोधलं तर गाण्यांचा ढीगच निघाला, आणि मुली इतक्या की कोण कुठली कळेना. सुरुवात कुठून करू?

सानिका, पहिलं म्हणजे नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस, जपानमध्ये पण अर्ध्या लोकांना सगळ्या माहीत नसतात. सुरुवात कर 'कोइसुरु फॉर्च्युन कुकी'पासून. ऑगस्ट २०१३चं गाणं, सत्तरच्या दशकातल्या डिस्कोसारखा आरामात चालणारा ठेका, आणि स्टेप्स अशा की आजोबांनाही जमाव्यात. गाण्यातली मुलगी म्हणते की मी काही फार देखणी नाही, त्याचं लक्ष दुसरीकडेच आहे, पण नशिबाचं काय सांगता येतं, उद्या चांगलं होईलही. बस एवढंच, पण ते इतक्या हसऱ्या चालीत म्हटलंय की रडगाणं वाटतच नाही.

आता ह्या गाण्याच्या मागची गंमत ऐक कारण ती कळली की हा ग्रुप कळतो. एकेबी४८मध्ये दरवर्षी निवडणूक व्हायची, म्हणजे खरोखर मतदान, फॅन्सनी मतं द्यायची आणि पहिली येईल ती पुढच्या गाण्यात मधोमध उभी राहणार, तिला सेंटर म्हणतात. २०१३ साली योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये निकाल लागला आणि १,५०,५७० मतं घेऊन साशिहारा रिनो पहिली आली. ही तीच जिला वर्षभरापूर्वी जुन्या प्रेमप्रकरणाची बातमी छापून आल्यावर टोकियोतून उचलून फुकुओकाच्या एचकेटी४८ ह्या बहीण-ग्रुपात पाठवलेलं. नाचात फार भारी नाही, गाण्यात फार भारी नाही, स्वतःच स्वतःची टर उडवणारी मुलगी, तिच्यासमोर मोठमोठ्या फेव्हरेट मागे पडल्या. मग तिच्या वाट्याला आलं हे गाणं, मी काही सुंदर नाही म्हणणारं, आणि त्याचा व्हिडिओ शूट झाला फुकुओकातच, हाकाता स्टेशनसमोर हजारो लोकांना नाचवून. दुसरी कोणी सेंटर असती तर ते गाणं तितकं खरं वाटलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आणि मग ते ग्रुपच्या हातातून सुटलंच. आधी त्यांच्या स्टाफने नाचून व्हिडिओ टाकला, मग कंपन्यांनी, मग कानागावा आणि सागा प्रांतांच्या सरकारी ऑफिसांनी, कानागावाचे गव्हर्नर पण त्यात. ते व्हिडिओ ओरिजिनलच्या आधी बघ म्हणेन मी, जास्त मजा आहे.

त्यानंतर 'हेवी रोटेशन', 'पोनीटेल तो शुशु' आणि सगळ्यात शेवटी जुनं 'आइताकात्ता'. ह्या क्रमाने गेलीस की बाकीचं आपोआप सापडत जाईल.

प्रभाकर, सांगली: माझा नातू सांगतो की ह्या मुलींच्या एकेका गाण्याच्या दहा-दहा लाख सीड्या पहिल्या आठवड्यात खपतात. आमच्या वेळी लता-आशांच्या रेकॉर्ड्सचं एवढं ऐकलं नाही. खरं आहे का हे? आणि असेल तर गाण्यात एवढं काय आहे?

काका, नातू खोटं बोलत नाहीये. मे २०११च्या 'एव्हरीडे, काच्युशा'पासून पुढे कितीतरी वर्षं त्यांची गाणी पहिल्याच आठवड्यात दहा लाखांच्या वर जायची, आणि २०१८चं 'टीचर टीचर' तर तीस लाखांच्या घरात गेलं. पण तुमचा दुसरा प्रश्न जो आहे ना, गाण्यात काय आहे, तो बरोबर जागी लागलाय, कारण त्या सीड्या गाण्यासाठी घेतलेल्या नव्हत्या.

कसं व्हायचं सांगतो. सीडीच्या खोक्यात एक चिठ्ठी. एका प्रकारची चिठ्ठी दाखवली की आवडत्या मुलीशी हात मिळवायला मिळायचा, काही सेकंद, मागे माणूस उभा असायचा तो खांद्याला धरून पुढे सरकवायचा. दुसरी चिठ्ठी वर म्हटलेल्या निवडणुकीचं मत. एक सीडी एक मत. म्हणजे तुमची मुलगी निवडून यायला हवी असेल तर एक घ्या, दहा घ्या, शंभर घ्या, कोणी अडवत नाही, मतांवर मर्यादा नाही. खपाची यादी करणारी ओरिकॉन कंपनी मोजायची सीड्या, कोणी किती घेतल्या ते नाही. मग त्या सीड्यांचं पुढे काय होतं? २०१७ मध्ये फुकुओकात एकाने शेकडो सीड्या डोंगरात नेऊन टाकल्या आणि त्यावर पोलिस केस झाली. गाणं ऐकायला घेतलेली वस्तू कोणी असं फेकतं का हो.

म्हणून मी ह्या ग्रुपचं गाणं खपावरून जोखतच नाही. २०१३च्या निवडणुकीची चिठ्ठी ज्यात होती ते 'सायोनारा क्रॉल' हे 'फॉर्च्युन कुकी'पेक्षा कितीतरी जास्त खपलं, दोन्हीत तीन महिन्यांचं अंतर, आणि आज जपानी माणसाला पहिल्याची चाल विचारा, डोकं खाजवेल. दुसऱ्याची विचारा, हात गोल फिरवायला लागेल. 'हेवी रोटेशन' तर दहा लाखांच्या यादीत पण नव्हतं आणि २०११ मध्ये कराओकेत सगळ्यात जास्त तेच गायलं गेलं.

गाण्यात काय आहे म्हणाल तर, काका, लता-आशांच्या गळ्याशी तुलना नकोच, ह्या मुली शिकाऊ म्हणूनच स्टेजवर आणलेल्या, आणि तो त्यांचा उघड करार आहे. ८ डिसेंबर २००५ला टोकियोच्या अकिहाबारात, डॉन किहोते नावाच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानाच्या बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर त्यांचं छोटं थिएटर सुरू झालं, जेमतेम अडीचशे माणसांचं, त्यात मधे दोन जाडे खांब. पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते सात. तिथे रोज जाऊन लोकांनी त्यांना सुधारताना पाहिलं, आणि चिकटले ते त्या सुधारण्याला. टीव्हीवरच्या स्टारला भेटता येत नाही, इथे भेटता येतं, हीच मूळ कल्पना होती. खांब त्यात अडथळाच, पण फॅन लोक त्या खांबांबद्दलही प्रेमाने बोलतात, काय सांगणार!

एक वाचक, नागोया: मी मूळचा नाशिकचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिसेंबरात ऑफिसची वर्षअखेरची पार्टी असते, नंतर सगळे कराओकेला जातात आणि मला प्रत्येक वेळी बॉलिवूड गायला लावतात. ह्या वेळी जपानी गाऊन धक्का द्यायचाय. एकेबीचं कुठलं घेऊ? आवाज यथातथा आहे.

भाऊ, आवाज यथातथा असेल तर हा ग्रुप तुमच्यासाठीच आहे. मोठ्या गायकांची गाणी घेऊन पंचाईत होते, इथे मूळ गाणंच दहा-पंधरा जणी मिळून एका पट्टीत गातात, त्यामुळे सूर फार वर-खाली जात नाही.

'हेवी रोटेशन' घ्याल तर सुरुवातीला इंग्रजीत वन-टू-थ्री-फोर ओरडायचंय, तेवढ्याने टेबल तुमच्या बाजूने. पण ते गाणं धावतं, अक्षरं पटापट येतात, दोन पेग झाल्यावर जीभ अडखळणार. 'फॉर्च्युन कुकी' सेफ, कारण कोणी ना कोणी उठून नाचतंच आणि तुमच्याकडे लक्ष राहत नाही.

माझी खरी शिफारस मात्र 'साम्ब्याकु रोकुजूगो निची नो कामिहिकोकी', ३६५ दिवसांचं कागदी विमान. हे गाणं २०१५ला एनएचके ह्या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सकाळच्या मालिकेचं शीर्षकगीत होतं. सकाळची पंधरा मिनिटांची मालिका म्हणजे तिकडे आजी-आजोबांपासून ऑफिसला निघालेल्यापर्यंत सगळं घर बघतं, त्यामुळे ज्यांना एकेबी अजिबात सहन होत नाही त्यांनाही हे येतं. मुख्य गायिका यामामोतो सायाका, तेव्हा ओसाकाच्या एनएमबी४८ ह्या बहीण-ग्रुपातली, गिटार वाजवणारी, हिचा आवाज खरंच चांगला आहे. चाल संथ, गिटारवर चालणारी, शब्द सुटे सुटे. विमान किती लांब गेलं ह्यापेक्षा कसं उडालं ते बघा असा एकूण सूर. शाळांच्या निरोप समारंभात मुलं गातात. आणि गंमत म्हणजे सीडीवर हे मुख्य गाणं नव्हतंच, 'कुचिबिरु नी बी माय बेबी' नावाच्या गाण्याच्या पाठीला लावून दिलेलं. मुख्य गाणं आता कोण गातं? कोणी नाही.

तुमच्या बॉसचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर हेच घ्या. आणि नागोयात राहताय तर साकाए भागात एसकेई४८चं थिएटर आहे, २००८ पासून, एकेबीची पहिली बहीण. तुमच्या ऑफिसात एखादा त्यांचा फॅन नक्की लपलेला असणार, त्याच्यासमोर एकेबी जास्त चांगलं की एसकेई हा विषय काढू नका.

ओंकार, कोल्हापूर: लाइव्ह व्हिडिओत पब्लिक गाणं सुरू व्हायच्या आधी टायगर फायर असं काहीतरी ओरडतं, ते काय?

त्याला मिक्स म्हणतात. टायगर, फायर, सायबर, फायबर, डायबर, बायबर, जाजा! अर्थ शोधत बसू नकोस, नाहीये. गाण्याच्या आधीच्या म्युझिकमध्ये बरोबर बसतं म्हणून ओरडतात, पुढच्या फेरीत तेच जपानी शब्दांत. नवख्याने पहिल्यांदा ऐकलं की घाबरतो.

ऋचा, पुणे: मी जपानी शिकतेय, एन४ परीक्षेची तयारी चालू आहे. एकेबीची गाणी ऐकून भाषा सुधारेल का? आणि मुली गातात पण बोलणारा मुलगा वाटतो, माझी काही चूक होतेय का समजण्यात?

अजिबात चूक नाही ऋचा, बरोबर पकडलंस. बहुतेक गाण्यांत बोलणारा मुलगाच असतो, शाळा-कॉलेजातला, लाजरा, बसस्टॉपवर तिला बघणारा, सायकलवरून तिच्यामागे जाणारा. कारण ही सगळी गाणी एका माणसाने लिहिलीत, आकिमोतो यासुशी, ग्रुप काढणारा पण तोच. म्हणजे वयाने मोठा पुरुष, तरुण मुलाच्या मनातलं लिहितो, ते मुली गातात, आणि समोर बसलेला पुरुष प्रेक्षक ते स्वतःचं समजून ऐकतो. जरा विचार केला तर विचित्रच साखळी आहे पण चालते. ह्याच आकिमोतोने १९८५ला ओन्यांको क्लब नावाचा शाळकरी मुलींचा ग्रुप गाजवला, आणि ह्याच माणसाने मिसोरा हिबारीसाठी १९८९ला सिंगल म्हणून आलेलं 'कावा नो नागारे नो यो नी' लिहिलं, जपानच्या सगळ्यात मोठ्या गायिकेचं शेवटच्या काळातलं गाणं, ती त्याच वर्षी जूनमध्ये गेली. आयुष्य नदीसारखं वाहतंय असं ते गाणं. एकाच पेनातून हे पण आणि ते पण, मला आजही नवल वाटतं.

भाषेसाठी 'आइताकात्ता' घे, ऑक्टोबर २००६चं. भेटायचं होतं, भेटायचं होतं, एवढंच पुन्हा पुन्हा, आणि एन४ला जे इच्छा सांगणारं व्याकरण येतं ते त्यातच घोकून होतं. मग 'ओगोए डायमंड', आवडतं तर मोठ्याने सांग असं. त्यात सेंटरला होती मात्सुई जुरिना, वय ११, एसकेईची, तेव्हा तिला एवढ्या पुढे आणल्यावर बाकीच्यांची तोंडं काय झाली असतील. 'कामिहिकोकी' पण चालेल, वरचं नागोयावाल्या भाऊंचं उत्तर वाच. 'रिव्हर' नको, त्यात शब्दांपेक्षा आरोळ्या जास्त.

नाव नको, छत्रपती संभाजीनगर: मला गाणी आवडतात पण ह्या मुलींना प्रेम करायला बंदी असते, आणि 'हेवी रोटेशन'चा व्हिडिओ बघून तर कसंतरी झालं. हे असं असताना ऐकावं का?

प्रश्न रास्त आहे आणि मी उडवून लावणार नाही. 'हेवी रोटेशन'चा व्हिडिओ निनागावा मिका ह्या नामवंत फोटोग्राफर बाईने केलाय, रंग, फुलं, सगळं तिच्या स्टाइलचं, पण मुली अंतर्वस्त्रांत आहेत आणि त्यातल्या काही जणी अठराच्याही नव्हत्या. मला तो व्हिडिओ नाही आवडत. गाणं ऐकतो, व्हिडिओ लावत नाही.

प्रेमबंदीचं म्हणशील तर, जानेवारी २०१३च्या शेवटी मिनेगिशी मिनामी, ग्रुपच्या पहिल्या फळीतली मुलगी, एका तरुणाच्या घरून निघताना तिचे फोटो मासिकात आले आणि त्याच दिवशी तिने डोक्याचं मुंडण करून रडत माफी मागितलेला व्हिडिओ आला. जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये साशिहारा, जिच्यावर तसलीच बातमी येऊन गेलेली, ती पहिली निवडून येते. म्हणजे एकीने केस कापून माफी मागायची आणि दुसरीला दीड लाख मतं! नियम कोणासाठी आणि किती ते कोणालाच नीट माहीत नव्हतं असं दिसतं. आणि ज्या हात मिळवण्यावर सगळा धंदा उभा, तिथेच मे २०१४ला इवाते प्रांतात एका माणसाने करवत घेऊन हल्ला केला, दोन मुली आणि एक स्टाफ जखमी झाले. त्यानंतर मेटल डिटेक्टर आले, बॅगा तपासायला लागले, पण हात मिळवणं चालूच राहिलं. ते थांबवलं कोरोनाने. निवडणूक तर २०१९लाच झाली नाही.

ऐकावं का ते तुझं तू ठरव. मी ऐकतो, कारण त्या मुलींनी घातलेले कष्ट खरे आहेत. सीड्या मात्र कधी घेतल्या नाहीत.

मधुरा, ठाणे: दर थोड्या दिवसांनी कोणीतरी 'ग्रॅज्युएट' होतं, म्हणजे ग्रुप सोडतं. ग्रुप फुटत का नाही?

कारण ग्रुप शाळेसारखा बनवलाय, मुली येतात, जातात, बाकं राहतात. माएदा आत्सुको, दोन वेळा निवडणूक जिंकलेली, ऑगस्ट २०१२ला गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं आता, आणि 'फॉर्च्युन कुकी' आलं ते त्यानंतर. फेब्रुवारी-मार्च आला की बरेचदा एक साकुराचं गाणं यायचं, कारण जपानात शाळा सुटायची आणि चेरी फुलायची वेळ साधारण तीच. पहिलंच गाणं 'साकुरा नो हानाबिराताची', २००६. माझं आवडतं 'साकुरा नो की नी नारो', २०११. तू निघून जा, मी झाड होऊन इथेच उभा राहतो म्हणजे तुला परत वाट सापडेल असं काहीसं. त्याचा व्हिडिओ सिनेदिग्दर्शक कोरेएदा हिरोकाझूने केलाय, ज्याला पुढे २०१८ला कान चित्रपट महोत्सवात पाल्म दोर हे सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. आयडॉल ग्रुपचा व्हिडिओ म्हणून नाक मुरडू नकोस, शांतपणे पूर्ण बघ.

सिद्धेश, भांडुप: मुंबईचा पण ग्रुप येणार होता ना?

हो रे, एमयूएम४८. २०१७ला जाहीर झालं, नंतर दिल्लीसाठी डीईएल४८ पण. मग कोरोना आला आणि स्टेजवर काहीच उभं राहिलं नाही. पण पद्धत कशी असते ते जकार्ताच्या जेकेटी४८वरून बघ, २०११ पासून चालू आहे, मॉलमध्ये स्वतःचं थिएटर, आणि तीच एकेबीची गाणी इंडोनेशियन भाषेत. बँकॉकच्या बीएनके४८ने 'फॉर्च्युन कुकी' थाई भाषेत गायलं ते २०१७-१८ला थायलंडभर गाजलं, तिकडच्या कित्येकांना ते मुळात जपानी आहे हेही माहीत नसेल.

मुंबईत चाललं असतं का? रोज एकाच छोट्या थिएटरला तिकीट काढून येणारं पब्लिक आपल्याकडे नाटकाला आहे, पॉपला नाही, आणि मराठी-हिंदी कुठली भाषा घ्यायची ह्यावरच पहिले सहा महिने भांडणात गेले असते. पण शिवाजी मंदिरला रविवारी दुपारी असला एखादा ग्रुप लागला असता तर मी गेलो असतो, खोटं कशाला बोलू.

तन्वी, नागपूर: मी के-पॉपवाली आहे. एकेबी बघून वाटतं की ह्यांना नाचता येत नाही. राग नको.

राग कशाला, कोरियन परीक्षकांनी पण हेच म्हटलेलं. २०१८ला कोरियाच्या 'प्रोड्यूस ४८' शोमध्ये एकेबी आणि बहीण-ग्रुपच्या मुली कोरियन ट्रेनींबरोबर उतरल्या आणि पहिल्याच भागात त्यांची अवस्था बघवत नव्हती, कारण एकीकडे वर्षानुवर्षं कसून तयारी करून मगच स्टेजवर येतात आणि दुसरीकडे स्टेजवरच तयारी होते. तरी तिघी जपानी मुली शेवटच्या बारात आल्या, आणि त्या बारा जणींचा आयझोन ग्रुप झाला. त्यातली तेव्हा एचकेटी४८ची असलेली मियावाकी साकुरा, तू तिला ओळखतेसच, २०२२ पासून ले सेराफिम ह्या कोरियन ग्रुपमध्ये आहे. तिची एचकेटीमधली जुनी गाणी शोध आणि मग मला लिही, नाच तेव्हाचा चांगला की आत्ताचा ते आपण पुढच्या अंकात भांडू.